लाखाची उचल आणि बिनव्याजी पीककर्ज

वाळवा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. घरचा नऊ एकर ऊस. दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला बीडकडची टोळी येते आणि त्यांच्या विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यात कोप्या टाकते. टोळीतल्या एका मुलीला ताई संध्याकाळी पडवीत बसवून शिकवायच्या. मुलगी हुशार, अपूर्णांकांची गणितं तोंडी सोडवायची. सलग तीन हंगाम हे चाललं. यंदा ती आली ती गळ्यात काळी पोत आणि हातात कोयता घेऊन. वय फार तर सोळा.

ताई लिहितात: "कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हे म्हणतात, तुला सांगत होतो, या लोकांना वर यायचंच नसतं. तोडणीच्या मजुरीपोटी लाखभर उचल आगाऊ घेतात, लग्नात आणि मोबाइलमध्ये उडवतात, पुढच्या वर्षी पुन्हा टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या दारात. वर तोडीला आमच्याकडून खुशाली म्हणून पैसे मागतात ते वेगळेच. पुतण्याचा ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे, टोळीसाठी दिलेले त्याचे आठ लाख घेऊन मुकादम पळाला, तेव्हापासून घरात या विषयावर कुणी ऐकूनच घेत नाही. आम्ही जातपात मानत नाही, सासूबाई तेवढं पाणी वेगळ्या तांब्यातून देतात. ह्यांचं खरं आहे का? त्या मुलीसाठी आता काही करता येईल का? तिचा आठ वर्षांचा भाऊ दिवसभर वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) भाऱ्यावर बसून असतो. त्याला शिकवू, की तेही पालथ्या घड्यावर पाणी?"

ताई,

आधी धाकट्याचं उत्तर देऊन टाकते: शिकवा. पण पडवीत नको, शाळेत घाला. कसं ते शेवटी लिहिते. तुमच्या पत्राचा सगळा भार मात्र त्याच्यावर नाही. यजमान म्हणतात ते खरंच असेल तर, ही शंका तुम्हाला आत कुरतडतेय. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

कागद घ्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. नवरा-बायको मिळून एक कोयता. चांगला ऊस असला, अंगात बळ असलं तर एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. आपण दोनच धरू. म्हणजे दिवसाचे ७३२ रुपये, दोन माणसांचे, पहाटेपासून रात्री गाडी भरून होईपर्यंत. या हिशेबानं एक लाखाची उचल फिटायला १३७ दिवस लागतात, एकही खाडा न करता. अलीकडे गाळप शंभर दिवसांच्या आतबाहेर आटोपतं. शंभर दिवस म्हणजे ७३ हजार. उरलेले २७ हजार अंगावर राहतात आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवले जातात. यात आजारपणाचा खाडा नाही (आणि खाडा म्हणजे नुसती त्या दिवसाची मजुरी बुडणं नव्हे, वर दंड), पाऊस पडून रान चिखलाचं झालं ते दिवस नाहीत, किराणा नाही. हंगामात घरखर्चाला मुकादमाकडून खर्ची घेतात तीही याच वहीत चढते.

हा हिशेब यजमानांना दाखवा. नऊ एकरांचा जमाखर्च ठेवणारा माणूस आहे, त्यांना दोन मिनिटांत कळेल. उधळपट्टी अजिबात नसलेल्या घराचाही हिशेब असाच तुटीत जातो. मोबाइल घेतला नाही तर तूट कमी होईल, मिटणार नाही.

आता दुसरी वही उघडू, तुमच्या घरची. खोडवं राखायच्या आधी, लागणीच्या वेळी सोसायटीतून पीककर्ज निघतं. वेळेत भरलं तर आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंत त्यावर व्याज पडत नाही. त्यातले थोडे पैसे घराच्या स्लॅबला गेले, थोडे नणंदेच्या बाळंतपणाला, असं तुमच्याकडे कधीच झालं नसेल तर तुमचं घर जगावेगळं म्हणायला हवं. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही, प्रपंच म्हणतात. उचलही प्रपंचातच जाते. पीककर्जाला मात्र सातबारा तारण असतो. पीक गेलं तर पुनर्गठन होतं, कधी माफीही होते. उचलीला तारण काय, तर माणूस. तो यायचा थांबला तर मुकादम घरी जातो, बैल सोडून नेतो, कधी माणसालाच नेऊन डांबतो. वेठबिगारी कायद्यानं १९७६ मध्येच संपली आहे, पण उचलीचा व्यवहार बहुतेक तोंडी असतो. कायद्यासमोर ठेवायला कागदच नसतो.

बीडच्या त्या माणसाला पीककर्ज का मिळत नाही, या प्रश्नातच तुमचा "जातपात मानत नाही" हा विषय येतो. तोडीला जाणाऱ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, धनगर आहेत, मराठेही आहेत, महार-मांग आहेत. फडात सगळ्यांच्या हातात कोयता एकच. फरक पडतो तो हंगाम संपून गावी परत गेल्यावर. कुणाचं बालाघाटाच्या डोंगरउतारावर दोन एकर जिरायत असतं, पाऊस झाला तर बाजरी किंवा सोयाबीन होतं. कुणाचं काहीच नसतं. मराठवाड्यात कितीतरी दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच जमिनींसाठी. १९९१ मध्ये सरकारनं अशी जुनी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तरी आजही पुष्कळांच्या नावावर सातबारा चढलेला नाही. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं सभासदत्व नाही, पीककर्ज नाही, पीकविमा नाही. मग राहतो मुकादम. तो बहुतेकदा त्याच गावचा असतो, कधी भावकीतला, आणि बऱ्याचदा स्वतःही वाहतूकदाराकडून घेतलेल्या पैशाखाली दबलेला असतो.

तुमच्याकडे कसं झालं? सासऱ्यांच्या पिढीनं कष्ट केले यात शंकाच नाही. पण कष्ट बीडमधल्या पाटोद्याच्या आणि शिरूर कासारच्या म्हाताऱ्यांनीही केले. तुमच्याकडे कृष्णा आणि वारणा आहेत, वर धरणं बांधली गेली, उपसा योजना झाल्या. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा पाया घातला आणि पुढं तोच नमुना तुमच्या भागात आला. या कारखान्यांना सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. फार चांगलं झालं; त्यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, तुमच्यासारख्या सुना बी.ए. झाल्या. पण सभासद व्हायला ऊस लागत होता, उसाला पाणी लागत होतं आणि दोन्हीला आधी जमीन लागत होती. कारखाना उभा राहिला त्या दिवसापासून त्यात तोडणारा माणूस लागणारच होता. तो मात्र सभासदही झाला नाही आणि कामगारही नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. मधल्या मध्ये फंड, विमा, हक्काची रजा, सगळं गळून पडलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून लोकांचे लोंढेच्या लोंढे निघाले आणि तोडणीची मजुरी कायमची स्वस्त राहिली.

पुतण्याच्या आठ लाखांचं वाईट वाटतं, आणि ते खरं आहे. मुकादम पळतात, वाहतूकदार बुडतात, त्यात ट्रॅक्टर विकावे लागतात. खुशालीचाही राग मी समजू शकते. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या ऊसबिलातून कापलेला असतो, मग पुन्हा वरून पैसे कशाला? पण हा राग जातोय कुठं? त्या खुशालीतले किती तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला जातात, किती ड्रायव्हरला आणि किती टोळीत वाटले जातात, हे एकदा टोळीतल्या बाईला विचारून बघा. पुरुषाला नको, बाईलाच विचारा.

कारण बाईचा हिशेब आणखी वेगळा आहे. उचल घेतो नवरा, अंगठा नाहीतर सही त्याची, पैसे त्याच्या हातात. कोयता मात्र दोघांचा. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते, पोरं सोबत घेऊन फडात जाते, तोडलेल्या मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, रात्री परत चूल. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, तिला मुकादम सहजासहजी उचल देत नाही. विधवेला भावाबरोबर नाहीतर पोराबरोबर जोडी लावावी लागते. पाळीच्या दिवसांत उभं राहवत नसलं तरी खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बोंब झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या. खाजगी डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली हे जसं खरं, तसं रोजच्या दुखण्यातून सुटका हवी होती हेही खरं.

आता तुमची विद्यार्थिनी. (तुम्ही तिचं नाव लिहिलंय, ते मी छापत नाही.) तिच्या आईबापांनी तिचं लग्न का लावलं असेल? तुम्ही शिकवलेलं त्यांना कळलं नाही म्हणून नव्हे. वयात आलेल्या पोरीला गावी ठेवायचं तर म्हातारी आजी, तीही डोळ्यांनी अधू असली तर राखण कोण करणार, ही धास्ती. बरोबर आणायचं तर कोपीला दार नाही, संडास नाही, अंघोळीला आडोसा म्हणजे दोन साड्या. आणि तिसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही: मुलाकडच्यांना अर्ध्याचा पूर्ण कोयता करायचा असतो, लग्न झालं की पूर्ण उचल मिळते. बीडकडे हंगामाच्या तोंडावर अशी घाईची लग्नं लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण जवळपास २२ टक्के होतं, बीडमध्ये ते ४३ च्या पुढे गेलं. हे सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तो गुन्हा आहे. पण त्या आईच्या जागी उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर जे पर्याय दिसतात त्यांतला हा तिला सगळ्यांत कमी धोक्याचा वाटतो.

म्हणून आईला जाऊन झापू नका. मुलीला एकटीला गाठा. ते सोपं नाही, सासू किंवा नवरा सोबत असणारच. शिवणाचं, गोधडीचं काहीतरी निमित्त काढून तासभर पडवीत बोलवा. पहिल्यांदा तब्येतीचं विचारा: पाळी चुकलीय का, दवाखान्यात नाव घातलंय का. पाळी चुकली असेल तर आशाताईंना सांगून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदणी करा, गाव कुठलंही असलं तरी तिला तपासायला नकार देता येत नाही. तसं नसेल तर पाळणा लांबवण्याचं तिला आशाताईंकडूनच नीट कळू द्या. मारहाण होते का हे विचारा. आणि मग, सगळ्यात शेवटी, तिला काय हवंय ते विचारा. तिचं उत्तर तुम्हाला आवडलं नाही तरी ऐकून घ्या.

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. तुम्ही स्वतःच फोन करून परिस्थिती सांगा आणि पुढची पावलं त्यांच्याकडून समजून घ्या. अठराच्या आतल्या मुलीचा मामला आहे, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदाही यात येतो, तेव्हा "आपल्या घरचं नाही" म्हणून गप्प बसायची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. परस्पर पोलीस आणून टोळीत गोंधळ मात्र घालू नका. टोळी रातोरात हलते आणि पोरगी तुमच्या हातून कायमची जाते. तिला एवढं माहीत असू द्या की असं लग्न रद्द करून मागायचा हक्क तिला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत आहे. तो ती आज वापरेल असं नाही. पण कधीतरी गरज पडली तर आपल्याला कुणीतरी हे सांगितलं होतं, हे तिला आठवेल.

दहावीचं दार बंद झालेलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. नोंदणी साधारण पावसाळ्यात सुरू होते, तेव्हा ती गावी असते, हे आपल्या पथ्यावर पडतं. शाळा सोडल्याचा दाखला कुठं आहे ते आत्ताच विचारून ठेवा, कारण बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. फीचे पैसे तुम्ही भरू शकाल. सासरच्यांना "पोरगी दहावी झाली तर बचत गटात हिशेबनीस होईल" असं सांगा. शिकून शहाणी होईल, यापेक्षा ही भाषा लवकर पटते.

आता एक काम यजमानांचं. ते कारखान्याचे सभासद आहेत, तुम्ही नसाल. (तुमच्या पत्रात तीनदा "आमचं रान" आलंय. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय सरकारनं लक्ष्मीमुक्ती म्हणून १९९२ पासून करून ठेवली आहे. तुमच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते एकदा बघा, बाकी काही म्हणत नाही.) ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलंय. वार्षिक सभेत यजमानांनी उठून दोनच प्रश्न विचारायचे: आपल्या कारखान्यानं टनामागचे पैसे भरले का, आणि आपल्या गटात टोळ्या उतरतात तिथं पाणी, संडास आणि दिवा आहे का. सभासदाला उत्तर द्यावं लागतं. कोयत्याला कुणी सभेत बोलावतच नाही. यजमान नाही म्हणाले तर भांडू नका, वरचा १३७ दिवसांचा कागद जेवणाच्या वेळी पुढ्यात ठेवा. आणि विहिरीपलीकडच्या त्या तुकड्यात कारखान्याची वाट न बघता पत्र्याचा एक संडास आणि मोटरवरून एक नळ तुम्हालाही देता येईल. रान तुमचं आहे, कोप्या तुमच्या परवानगीनं पडतात.

तांब्याचं काय करायचं ते तुम्हाला कळतं, म्हणून तर तुम्ही ते लिहिलंत. सासूबाईंना उपदेश करू नका, त्या बदलायच्या नाहीत. नळ झाला की तांब्याचा प्रश्नच उरत नाही, हा एक मार्ग. दुसरा, ती मुलगी पडवीत येईल तेव्हा चहा तुमच्याच कपातून द्यायचा, सासूबाईंच्या समोर.

आणि धाकटा. टोळी निघाली तेव्हा गावच्या शाळेतून त्याला शिक्षण हमी कार्ड मिळालंय का, आईला विचारा. हंगामापुरती शाळा बदलणाऱ्या पोरांसाठीच ते असतं, त्यावर आधीच्या शाळेची आणि इयत्तेची नोंद असते. ते घेऊन जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. कार्ड नसलं तरी शिक्षण हक्क कायद्यानं त्याला वर्गात बसवून घ्यावंच लागतं, कागद नंतर येतात. त्याला शाळेत पोचवणार कोण, ही खरी अडचण, कारण आईबाप पहाटेच फडात जातात. तुमच्या वस्तीवरची पोरं जातातच ना, त्यांच्यात त्याला घाला. दुपारचं जेवण शाळेतच मिळेल. पुढच्या दिवाळीआधी मात्र त्याच्या आजीशी फोनवर बोला. बीडमध्ये हंगामी वसतिगृहाची सोय गावातल्या शाळेमार्फतच होते, पोरगं आजीकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची तजवीज होते. त्यासाठी नाव हंगामाच्या आधी, शाळा व्यवस्थापन समितीच्या यादीत जावं लागतं. सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांना फोन करा, ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबलात तर टोळीची गाडी आलेली असते.